सेवकाचा विकास : श्रावकाचे एक विस्मृत कर्तव्य

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



धार्मिक न्यासाला पन्नास वर्षे पूर्ण होतात, तेव्हा दात्यांचे स्मरण होते आणि ते उचितच आहे. दात्यांची नावे संगमरवरी फलकांवर कोरलेली असतात. परंतु पहाटे मंदिराचे दार उघडून अभिषेकाची तयारी करणारा पुजारी, भोजनशाळेत सूर्यास्तापूर्वी शेकडो माणसांचे जेवण आटोपणारा आचारी, पाठशाळेतील मुलांना णमोकार मंत्र शिकवणाऱ्या शिक्षिका, पावतीपुस्तक सांभाळणारा कारकून आणि धर्मशाळेतील खोल्या झाडणारी बाई यांची नावे फलकावर नसतात. संस्था चालते ती यांच्या हातांनी. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने एक प्रश्न विचारणे अप्रस्तुत ठरू नये : आपल्या संस्थांत, दुकानांत आणि कारखान्यांत जी माणसे वर्षानुवर्षे काम करतात, ती आली तेव्हापेक्षा आज मोठी झाली आहेत काय?

वेतन वाढले काय, एवढाच हा प्रश्न नाही. त्यांचे ज्ञान, त्यांचे कौशल्य आणि स्वतःच्या बुद्धीने निर्णय घेण्याचे त्यांचे सामर्थ्य वाढले काय, असा तो आहे.

आपल्या भागातील एखाद्या पेठेतले अडत दुकान डोळ्यांसमोर आणावे. हळदीचा हंगाम आहे, सौदे सुरू आहेत. गादीवर शेठजी आणि त्यांचे चिरंजीव बसले आहेत. कोपऱ्यात दिवाणजी शेतकऱ्यांच्या पट्ट्या लिहीत आहेत. विसाव्या वर्षी ते या दुकानात आले, आज पंचेचाळिशीला पोहोचले. हळकुंड मोडून पाहताच मालाची प्रत त्यांना कळते. कोणता खरेदीदार पैसे वेळेवर देतो आणि कोणता खेटे घालायला लावतो, हे त्यांना तोंडपाठ आहे. तरीही पंचवीस वर्षांत सौद्याच्या वेळी त्यांना कोणी पुढे बोलावले नाही. दुकानात संगणक आला तेव्हा तो चालवण्यासाठी बाहेरून मुलगा आणला गेला, दिवाणजींना कोणी विचारले नाही. शेठजी दुष्ट नाहीत. दिवाळीला बोनस देतात, दिवाणजींच्या मुलीच्या लग्नात त्यांनी सढळ हाताने मदत केली, आजारपणात दवाखान्याचे बिल भरले. दयेत काहीच उणे नाही. उणे आहे ते एवढेच की, या माणसात अजून काय दडले आहे, हे पाहण्याची इच्छा कोणाला झाली नाही.

असे दिवाणजी आपल्या प्रत्येक व्यवसायात आहेत. इचलकरंजीच्या मागावर ते आहेत, कापडाच्या पेढीवर आहेत आणि धर्मादाय संस्थांच्या कार्यालयांतही आहेत.

या प्रश्नाकडे पाहण्याची दृष्टी बाहेरून उसनी आणण्याची जैन समाजाला गरज नाही. आत्मा मुळात अनंत ज्ञान, अनंत दर्शन, अनंत सुख आणि अनंत वीर्य यांनी युक्त आहे, हा आपल्या सिद्धांताचा पाया आहे. ज्ञान बाहेरून आत ओतावे लागत नाही. ते आत आहेच, त्यावर आवरण आहे. म्हणूनच त्या कर्माचे नाव ज्ञानावरणीय. ढग दूर झाला की सूर्य नव्याने निर्माण करावा लागत नाही.

आश्चर्य असे की, आधुनिक व्यवस्थापनशास्त्र वेगळ्या वाटेने याच कल्पनेजवळ आले आहे. अमेरिकेतील टेनिस प्रशिक्षक टिमोथी गॅल्वे यांनी १९७४ साली टेनिसच्या आंतरिक खेळाविषयी एक पुस्तक लिहिले. प्रशिक्षकाने सूचनांचा जितका भडिमार करावा, तितका खेळाडू अधिक गोंधळतो, असे त्यांच्या लक्षात आले होते. त्यांच्या विचाराचे सार असे की, माणसाची प्रत्यक्ष कामगिरी म्हणजे त्याची अंगभूत क्षमता वजा तिच्या आड येणारे अडथळे. भीती, आत्मसंशय आणि चुकण्याची लाज हे ते अडथळे. ते कमी केले की क्षमता आपोआप प्रकट होते. ब्रिटनमधील जॉन व्हिटमोर यांनी हाच विचार कारखाने व कार्यालये यांच्यासाठी मांडला आणि १९९२ साली त्यावर पुस्तक लिहिले. आज जगभरच्या कंपन्यांत ज्याला ‘कोचिंग’ म्हणतात, त्याचा एक मोठा प्रवाह येथून निघाला. गॅल्वे यांनी जैन दर्शन वाचले होते, असा दावा करण्याचे कारण नाही. साम्य मात्र विचार करण्याजोगे आहे.

मग हे आवरण कोणाकडून वाढते? आचार्य उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात ज्ञानावरण कर्माच्या आस्रवाची कारणे सांगितली आहेत. त्यांत निह्नव, मात्सर्य आणि अंतराय ही तीन कारणे आहेत. तेथील संदर्भ अर्थातच तत्त्वज्ञानाचा आहे, दुकानदारीचा नाही. परंतु जो श्रावक या दोषांचे स्वरूप समजून घेईल, त्याला आपल्या व्यवहारातही ते ओळखू आल्यावाचून राहणार नाहीत.

निह्नव म्हणजे ठाऊक असून लपवणे. कारागिराला मिश्रणाचे प्रमाण न सांगणे, कारकुनाला हिशेबाची अर्धीच वही दाखवणे, विचारल्यावर ‘ते तुला काय करायचे आहे?’ असे म्हणून वाटेस लावणे, ही त्याची रोजची रूपे.

मात्सर्य म्हणजे पात्र व्यक्तीलाही, ती आपल्या बरोबरीची होईल म्हणून, ज्ञान न देणे. हा दोष केवळ मालकातच असतो असे नाही. जुना जॉबर नव्या मुलाला मागाची दुरुस्ती शिकवत नाही, मुख्य आचारी मसाल्याचे माप हाताआड करतो, याच्या मुळाशीही तोच आहे. याचे कारण अनेकदा असुरक्षितता असते. शिकवणाऱ्याचे स्थान डळमळणार नाही, हा विश्वास मालकाने दिला, तरच ज्येष्ठ सेवक मोकळेपणाने शिकवतो.

अंतराय म्हणजे विघ्न आणणे. सायंकाळच्या वर्गाला जाणाऱ्या मुलाला नेमके त्याच वेळी काम सांगणे, परीक्षेसाठी रजा नाकारणे, संधी आली की ‘त्याला जमणार नाही’ असे परस्पर ठरवून टाकणे. यातील शेवटचे विघ्न सर्वांत मोठे, कारण ते कोणाच्या डोळ्यांना दिसत नाही.

अशा एका विघ्नातून महाराष्ट्राच्या उद्योगाचा एक अध्याय सुरू झाला. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत एका तंत्रशिक्षण संस्थेत शिकवत होते. हक्काची बढती त्यांना डावलून दुसऱ्याला मिळाली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगावची वाट धरली. पुढे १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. आपल्यावर झालेला अन्याय लक्ष्मणरावांनी आपल्या माणसांवर उलटवला नाही. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर तेथे कल्पक यंत्रज्ञ म्हणून घडले. दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगलेल्या माणसांवर वसाहतीच्या राखणीची जबाबदारी सोपवण्यात आली आणि त्यांनी ती विश्वासाने पार पाडली. माणसाच्या प्रमाणपत्रापेक्षा किंवा त्याच्या भूतकाळापेक्षा त्याच्यातील शक्यतेकडे पाहण्याची ही रीत होती.

याच किर्लोस्करांच्या नांगरांची विक्री करत खेडोपाडी हिंडणारा एक जैन तरुण होता. कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे १८८७ साली जन्मलेले भाऊराव पाटील. या भ्रमंतीत त्यांनी शेतकऱ्यांचे अज्ञान आणि दारिद्र्य जवळून पाहिले. १९१९ साली त्यांनी कराडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली ती साताऱ्याला आणली. सर्व जातींची मुले तेथे एकत्र राहिली, एकत्र जेवली, श्रम करून शिकली. वसतिगृहावर अडचणीची वेळ आली तेव्हा लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडले, हे सर्वश्रुत आहे. या सभेच्या विषयाशी निगडित गोष्ट थोडी वेगळी आहे. खेड्यांत शाळा काढायच्या तर शिक्षक हवेत, हे ओळखून १९३५ साली साताऱ्यात त्यांनी अध्यापक घडवणारे विद्यालय काढले. संस्थेच्या वसतिगृहात वाढलेली मुले पुढे संस्थेचे शिक्षक, मुख्याध्यापक आणि आजीव सेवक झाली. काम वाढवायचे तर आधी काम करणारा वाढवला पाहिजे, हे सूत्र कर्मवीरांनी पुस्तकातून घेतले नव्हते.

दुसरे उदाहरण सोलापूरचे. शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म तेथे १८८२ साली झाला. सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे ‘लॉयल्टी’ हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाले. हा दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. जहाज विकत घेता आले, पण ते चालवणारे भारतीय अधिकारी कोठून आणायचे? परदेशी कंपन्यांच्या जहाजांवर भारतीय माणूस खलाशी होऊ शकत होता, अधिकाऱ्याची जागा त्याला जवळजवळ बंदच होती. १९२७ साली मुंबईत ‘डफरिन’ हे प्रशिक्षण जहाज सुरू झाले. तेथून बाहेर पडलेल्या भारतीय तरुणांना अधिकारी म्हणून उभे राहण्यास सिंदियाच्या जहाजांवर जागा मिळाली. पिढ्यान्‌पिढ्या डेकवर राबलेल्या देशाच्या मुलांत कप्तान होण्याची क्षमता नव्हती, असे कोण म्हणेल? क्षमता होती, संधीवर आवरण होते.

येथे कोणी म्हणेल, ही थोर माणसांची कामे, चार नोकरांच्या दुकानात हे कसे जमावे? याचे उत्तर दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील एका साध्या पद्धतीत आहे. अमेरिकेतील कारखान्यांतून अनुभवी कामगार युद्धावर गेले आणि नवख्यांना अल्पावधीत तयार करणे भाग पडले. त्यासाठी १९४० ते १९४५ या काळात एक प्रशिक्षण योजना राबवण्यात आली. युद्धानंतर तीच पद्धत जपानमध्ये गेली आणि तेथील उद्योगात रुजली. तिच्यात चार पायऱ्या आहेत. पहिली, शिकणाऱ्याच्या मनातील भीती घालवणे आणि त्याला काय येते हे जाणून घेणे. दुसरी, काम एकेक टप्प्याने करून दाखवणे आणि प्रत्येक टप्पा तसाच का, याचे कारण सांगणे. तिसरी, त्याच्याकडून ते करवून घेणे आणि करताना कारणे त्याच्याच तोंडून वदवून घेणे. चौथी, त्याला स्वतंत्रपणे काम देणे, अडल्यास कोणाला विचारायचे ते सांगणे आणि हळूहळू देखरेख कमी करणे. शिकणारा शिकला नाही, तर शिकवणे अपुरे पडले, असे ही पद्धत मानते. दोष आधी शिकवणाऱ्याने स्वतःकडे घ्यावा, हा तिचा गाभा आहे.

काम येऊ लागल्यानंतर पुढची पायरी संवादाची. व्हिटमोर यांच्या पुस्तकातून प्रसिद्धीस आलेल्या पद्धतीत चार प्रश्न विचारले जातात. तुला कोठे पोहोचायचे आहे? आज तू कोठे आहेस? तेथे जाण्याचे कोणकोणते मार्ग आहेत? त्यांतील कोणता तू करणार आणि केव्हा? महिन्यातून एकदा, गल्ला बंद झाल्यावर, अर्धा तास हे प्रश्न विचारावेत आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत मालकाने बोलू नये. हे शेवटचेच सर्वांत कठीण आहे. ज्या दिवाणजींना पंचवीस वर्षांत कोणी काही विचारले नाही, ते पहिल्या दिवशी ‘आपण म्हणाल तसे’ एवढेच म्हणतील. दुसऱ्या, तिसऱ्या वेळी कदाचित त्यांच्या मनातले बाहेर येईल.

सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांपैकी दोन येथे विशेष स्मरावीत. पहिले उपगूहन. सेवकाची चूक गिऱ्हाईकासमोर, हमालासमोर किंवा त्याच्याच मुलासमोर काढू नये. ती झाकून एकांतात सांगावी आणि त्याचे गुण चारचौघांत बोलावेत. याच अंगाला उपबृंहण, म्हणजे गुणांची वृद्धी, असेही नाव आहे. दुसरे स्थितिकरण, म्हणजे डळमळणाऱ्याला सावरणे. नवी जबाबदारी घेतलेला माणूस पहिल्या अपयशानंतर मागे फिरतो. त्या क्षणी ती जबाबदारी काढून घेतली, तर तो पुन्हा कधी पुढे येत नाही.

एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध यांची गणना आहे. आश्रितांवर झेपेल त्याहून अधिक भार लादणे आणि त्यांच्या खाण्यापिण्यात आडकाठी आणणे, हे दोन्ही व्रताला डाग लावणारे आहेत. आजकाल ‘तुझ्या विकासासाठी’ असे म्हणून दोन माणसांचे काम एकावर टाकण्याची रीत अनेक ठिकाणी दिसते. वेतन तेच, वेळ वाढलेली आणि जेवणाची सुट्टी बुडालेली. हा विकास नव्हे, गोड शब्दांतील अतिभारारोपण आहे. जबाबदारी वाढली तर अधिकार वाढावा आणि त्याप्रमाणात मोबदलाही वाढावा. पोट भरण्याची चिंता असलेल्या माणसापुढे क्षमतेच्या गोष्टी करणे व्यर्थ आहे.

आता ज्या शंकेमुळे हा विषय बहुतेक वेळा येथेच थांबतो, तिच्याकडे वळले पाहिजे. सेवक शिकला, हुशार झाला आणि उद्या समोरच्या गाळ्यात स्वतःचे दुकान थाटून बसला तर? ही भीती काल्पनिक नाही. प्रत्येक पेठेत अशी उदाहरणे घडली आहेत. ज्याला हाताला धरून शिकवले तोच गिऱ्हाइके घेऊन जातो, तेव्हा होणारे दुःख खरे असते आणि नुकसानही खरे असते. ‘असे होणार नाही’ अशी हमी कोणीही देऊ शकत नाही.

परंतु या भीतीच्या मुळाशी काय आहे, ते पाहावे. परिग्रहपरिमाण व्रतात ज्या वस्तूंची मर्यादा करायची, त्यांच्या यादीत शेत, घर, चांदी, सोने, धन, धान्य यांच्या बरोबरीने दासी आणि दास यांचाही उल्लेख आहे. माणसालाही माणूस आपला संचय समजू शकतो आणि ती आसक्ती मर्यादेत ठेवावी लागते, हे आचार्यांनी ओळखले होते. दास्याची प्रथा गेली, पण ‘माझा माणूस’ या शब्दांतील ममत्वाची गाठ कायम आहे. सोने दडवून ठेवले तर निदान ते तितकेच राहते. माणूस दडवून ठेवला तर तो मात्र झिजत जातो. आणि न शिकवल्याने माणूस टिकतो, हेही खरे नाही. हुशार असतो तो निघून जातो, ज्याला जाता येत नाही तो राहतो. तेव्हा पंचवीस वर्षे कोपऱ्यात बसवलेल्या माणसाचे जे नुकसान झाले, तेही हिशेबात धरावे लागेल. ते मालकाच्या खतावणीत दिसत नाही, एवढेच.

शिकवलेल्यांपैकी काही जातील. जाताना त्यांचा हिशेब चोख करून, आशीर्वाद देऊन निरोप द्यावा. नव्या दुकानाच्या उद्घाटनाला नारळ घेऊन जावे. जे राहतील ते भीतीने नव्हे, आपलेपणाने राहतील.

येथे निमित्त आणि उपादान यांचा विवेकही सोडू नये. बीज उपादान, पाऊस निमित्त. वाढायचे असते ते बीजाला. मालक, अधिकारी किंवा प्रशिक्षक निमित्तमात्र आहे. ‘मी याला घडवले’ हा अहंकार त्याने धरू नये. आणि ‘मी केवळ निमित्त’ असे म्हणून पाऊस पाडण्याचेही टाळू नये.

सुवर्णमहोत्सवी वर्षात आपल्यासारख्या न्यासांना तीन गोष्टी सहज करता येतील. पहिली, न्यासाच्या प्रत्येक सेवकाशी वर्षातून दोनदा एका विश्वस्ताने निवांत बोलावे आणि त्याला काय शिकण्याची इच्छा आहे ते लिहून घ्यावे. दुसरी, शिष्यवृत्तीचा जो निधी समाजाच्या मुलांसाठी आहे, त्याच्या जोडीला सेवक आणि त्यांची मुले यांच्या शिक्षणासाठी वेगळी तरतूद करावी. तेथे जातीचा व पंथाचा प्रश्न विचारू नये. तिसरी, संगणक, लेखापरीक्षणाची तयारी, ग्रंथालयाची मांडणी अशी नवी कामे निघाली की बाहेर पाहण्याआधी आत पाहावे आणि ‘यांना जमेल काय?’ हे आपणच न ठरवता त्यांना विचारावे.

त्या दिवाणजींच्या नोकरीची अजून पंधरा वर्षे उरली आहेत. पुढच्या हंगामातल्या सौद्याला शेठजींनी त्यांना शेजारी बसवून घेतले, नमुना त्यांच्या हातात दिला आणि ‘दिवाणजी, तुमच्या मते काय भाव यावा?’ एवढे विचारले, तरी पंचवीस वर्षांचे आवरण दूर होण्यास प्रारंभ होईल. त्यासाठी निधी लागत नाही, ठराव लागत नाही. प्रत्येकाने उद्या सकाळी आपल्या दुकानाचे, कारखान्याचे किंवा कार्यालयाचे दार उघडताना आपल्याकडे असा कोण आहे, त्याचा शोध घ्यावा, एवढीच या सभेला नम्र विनंती.

जय जिनेंद्र.